दहापैकी सहा

आमच्या वाडीत चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तो चार दिवस राहील आणि इथे सगळ्यांचंच वाईट चाललंय असं समजून परत जाईल. म्हैस बादलीभर दूध देत असली तरी कुणी विचारलं तर "देते आपली चहापुरतं." पोर गुटगुटीत असलं की "काय वाळलंय ओ हे!" भात खळ्यावर मावेनासं झालं तरी "यंदा काय खरं नाय." बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि दृष्ट लागायची राहते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जेवढ्या वाड्या आहेत तेवढ्यांत हीच रीत. मी महाडची. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्या दिवशी जीव ओतून स्वयंपाक केला, तर सासूबाई म्हणाल्या, "खाण्यासारखं झालंय." मी मागल्या दारी जाऊन रडले. मग जाऊबाईंनी समजूत काढली, "अगो वेडे, ह्याच्याहून जास्त ह्या घरात कुणाचं कौतुक झालेलं नाय." आता मीही सुनेला तेच म्हणते.

आमचे हे तर ह्या रितीचे पुजारीच. त्याला कारण आहे. तरुणपणी ह्यांच्याकडे एक बैल होता, पांढराशुभ्र, अंगावर माशी बसू देत नसे. दारी आलेल्या एका पाहुण्यापुढे ह्यांनी छाती फुगवून त्याचं तोंडभर कौतुक केलं. त्याच पावसाळ्यात बैल चरायला गेला आणि कड्यावरून निसटला. पाहुण्याची नजर लागली की शेवाळ निसरडं होतं ते देव जाणे. पण तेव्हापासून ह्यांच्या तोंडून "झकास", "एक नंबर" असा शब्द कुणी ऐकला नाही. विचाराल तेव्हा "बरं हाय." फारच आनंद झाला तर "चाललंय."

अशा माणसाच्या नशिबात अशी गाडी यावी, की जिच्यात नाव ठेवायला जागाच नाही! जपानी कंपनीची, पांढरी, घरचे सगळे बसून वर शेजारचेही बसतील एवढी ऐसपैस. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. जाहिरात करायला मला कुणी सांगितलेलं नाही, आणि नाव घेऊन चांगलं बोललेलं ह्यांना खपणार नाही.

हे मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते, तेव्हापासून ह्यांचा त्या कंपनीवर जीव. शेठचा कापडाचा धंदा. मागच्या सीटवर बसून तो ह्यांना कंपनीची जन्मकथा सांगायचा, कारण ती कंपनी म्हणे मुळात मोटारींची नव्हेच, कापड विणायच्या मागांची. एका सुताराच्या पोराने आईचे कष्ट बघून माग केला, आणि मग असा माग केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे जायचंच नाही. त्याच्या मुलाने पुढे मोटारी काढल्या. सुरुवातीच्या गाड्या वाटेत बंद पडायच्या, कंपनीची माणसं धावत जाऊन दुरुस्त करून द्यायची. एकदा तर कंपनी बुडायच्या बेतात आली होती. पण तुटल्या धाग्याची ती गोष्ट त्यांनी सोडली नाही. त्यांच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी जाते. कुणालाही, अगदी खालच्या माणसालासुद्धा, काही चुकलेलं दिसलं की ओढायची दोरी. सगळा कारखाना थांबतो, आणि दोरी ओढणाऱ्याला कुणी ओरडत नाही, उलट आभार मानतात.

खरं-खोटं शेठला माहीत. पण ही गोष्ट ह्यांनी आमच्या गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसाला सांगितली आहे. पोलादपूरच्या स्टँडवरून निघालं की वाटेतल्या कापडे गावापर्यंत माग, आणि घाट लागला की दोरी. मी एकदा म्हटलं, "त्यानं आईसाठी माग केला, तुम्ही बायकोसाठी काय केलंत?" तर म्हणाले, "तुला पुढं बसवली." घ्या!

ह्या गाडीतून काय काय गेलं नाही! अडलेली बाळंतीण महाडला वेळेवर पोचली. गणपती आले, नव्या नवऱ्या आल्या, तांदळाची पोती गेली, एकदा तर आजारी शेळी मागच्या सीटवर चादर पांघरून गेली. मुंबईची मंडळी सणाला येतात ती स्टँडवर उतरूनच फोन करतात, "काका, येताय ना?" घाटात दरड येवो, धुकं येवो, गाडीने कधी दगा दिला नाही. पण कुणी तसं म्हणायची सोय नाही. एकदा मुंबईचा पुतण्या म्हणाला, "काका, इतकी जुनी झाली तरी गाडी एकदम टॉप कंडिशन!" ह्यांनी लगेच थू थू केलं आणि बॉनेटवर चापट मारून म्हणाले, "कसली टॉप! क्लच जड झालाय." क्लच लोण्यासारखा होता. त्या शनिवारी बंपरखाली लिंबू-मिरची जरा जाडच बांधली गेली.

आता गोष्टीला सुरुवात होते ती महाडच्या अलीकडे हमरस्त्यावर जे सर्व्हिस सेंटर आहे तिथून. तिथे कापड्याची एक मुलगी नवीन लागली. गाडी जमा करून घेणं, तिचं दुखणंखुपणं लिहून घेणं, काम झालं की गाडी परत ताब्यात देणं हे तिचं काम. बाकीची तिथली पोरं ह्यांना "सर, सर" करायची, त्याने हे अवघडायचे. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, बसा. पाणी घ्या. काय तक्रार हाय गाडीची?" बाप भातशेती करणारा, पोरीची स्कुटी येईपर्यंत घरात सायकलच्या वरचं वाहन नव्हतं, आणि पोरगी गाडीचा नुसता आवाज ऐकून कुठे काय झालंय ते विचारत होती. ह्यांना ती फार आवडली. आवडली म्हणजे परत येताना म्हणाले, "पोरगी बरी हाय."

गाडीची तक्रार तर काहीच नसायची. पण बिनतक्रारीची गाडी म्हणजे दृष्टीला आमंत्रण! म्हणून हे दर वेळी काहीतरी शोधून न्यायचे. "डाव्या अंगाला कायतरी वाजतंय." ती बिचारी गाडी घेऊन हमरस्त्याला फेरी मारून यायची. "नाय वाजत काका." "मग थांबलं असंल." तीही हसून तसंच लिहायची, वाजत होतं, थांबलं.

सर्व्हिसिंग झालं की पाठोपाठ कुठल्याशा मोठ्या शहरातून फोन यायचा. बाई गोड आवाजात विचारायची, आपण समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल? हे ठरलेलं उत्तर द्यायचे, "सहा." त्यात ह्यांचा हिशेब होता. शाळेत ह्यांना कधी सहा मिळाले नव्हते, त्यामुळे सहा म्हणजे ह्यांच्या लेखी फर्स्ट क्लास. पाच दिले तर पोरीचा अपमान, सात दिले तर दृष्ट. शिवाय जपानी लोकांना चूक दाखवलेली आवडते, दोरी ओढली की ते आभार मानतात, हे शेठने सांगितलेलंच होतं. फोन ठेवून समाधानाने हे चहा प्यायचे. मीही त्यात काही वावगं बघितलं नाही, कशाला खोटं बोलू!

मे महिन्यात कापड्याला एक लग्न होतं. मांडवात बायकांच्या पंगतीला माझ्या शेजारी एक बाई बसली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "त्या पांढऱ्या जपानी गाडीवाल्यांच्या तुम्हीच का?" मी म्हटलं, "हो, मीच." मनातून जरा फुगलेच.

"मग एक विचारते वैनी, राग मानू नका. माझ्या लेकीनं तुमच्या ह्यांचं काय घोडं मारलंय?"

माझा घास हातातच राहिला. बाई त्या मुलीची आई होती. तिने जे सांगितलं ते असं. फोनवर नऊ किंवा दहा दिले तरच गिऱ्हाईक खूश, असं तिथे धरतात. त्याच्या खाली सगळं नापास. "आठ दिले तरी?" मी विचारलं. "आठ दिले तरी." आणि सहा आले की मोठे साहेब मुलीला बोलावून सगळ्यांसमोर विचारतात, गिऱ्हाईक नाराज का गेलं? मुलगी अजून कच्ची होती, पक्की करायची की घरी पाठवायची ते गणपतीच्या आसपास ठरणार होतं.

"नोकरी गेली तर बाप तिला इथं ठेवायचा नाय. मुंबईला मामाकडं धाडंल नि वरसाच्या आत बोहल्यावर उभी करंल. पोर म्हणते, आये, मला गाड्यांतच राहायचंय. कुणाला सांगू?"

"अहो, पण तिनं आम्हाला एका शब्दानं सांगायचं!"

"ती सांगते का! म्हणते, चांगलं काय मागून घ्यायचं असतं?" बाईने पदराने डोळे पुसले. "मला कळतं ओ, सहा म्हणजे काय ते. मी पण डोंगरातलीच. पण त्या फोनवालीला कोण सांगणार?"

जिलेबी पानात तशीच राहिली. गाडीत बसल्या बसल्या मी तोंड सुरू केलं. आधी ह्यांना वाटलं लग्नात मानपानावरून काही झालं. मग कळलं तशी ह्यांनी वळणावर गाडी बाजूला घेऊन उभी केली.

"सहा म्हंजे नापास?"

"नऊच्या खाली सगळं नापास."

"मग दहा आकडे ठेवलेत कशाला? दोनच ठेवायचे!"

मी चिडलेलीच होते. "ते मला काय विचारता? तुमची ती दोरी! तुम्ही इथं बसून ओढलीत आणि तिकडे पोरीच्या गळ्याला फास बसला."

ह्यांचा चेहरा असा उतरला की बोलले त्याचं मलाच वाईट वाटलं. वाडी येईपर्यंत माग नाही, दोरी नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी हे उठले ते इस्त्रीचा शर्ट घालूनच. "साहेबाला भेटून सांगतो." मीही बरोबर गेले, एकट्याला सोडायची सोय नव्हती. मोठे साहेब देशावरचे, बोलणं अगदी पुस्तकी, माणूस वाईट नव्हता. मुलगी काचेच्या पलीकडे उभी होती, आमच्याकडे न बघता बघत होती. ह्यांनी घसा साफ केला आणि अख्ख्या वाटेने पाठ करत आणलेलं वाक्य सांगितलं, "साहेब, ती पोरगी बरी हाय."

साहेब पुढे झुकले. "बरी म्हणजे? काही कमी पडतंय का?"

"कमी नाय. चालतंय."

"काय सुधारणा हवी ते मोकळेपणानं सांगा."

मी टेबलाखालून चिमटा काढला. हे आणखी गोंधळले. "तशी कामाला वाईट नाय ओ!" म्हणाले. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मान हलवली. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, आमच्याकडे 'बरी' म्हणजे फार चांगली." साहेब हसले. म्हणाले, "असेल हो, पण मला सांगून उपयोग नाही. फोनवर जे सांगाल तेच धरलं जातं." म्हणजे बिघडलेल्या कामाची आणखी वाट लावून आम्ही परत आलो.

मग पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघणं आलं. ते गणपतीच्या आधी येत होतं. मला वाटलं, एवढं काय, दहा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण ह्यांची भूक मेली. गोठ्यात उभे राहून पुटपुटत असायचे. एकदा मी हसत म्हटलं, "गाडीला दृष्ट लागेल म्हणून एवढं घाबरता?"

"गाडीचं जाऊ दे गो. लोखंड हाय ते," हे म्हणाले. "पोरीचं काय? मी तोंड भरून बोललो नि तिला कायतरी झालं तर? लेकरू रोज स्कुटीवरनं हमरस्त्यानं जातं."

माझं हसू तिथेच विरलं. इतकी वर्षं मी ह्या माणसाला कंजूष जिभेचा म्हणत आले. ती कंजुषी नव्हती, धाक होता. ज्याच्यावर जीव आहे ते बोलून दाखवलं की हातचं जातं, एवढंच ह्यांना तो बैल शिकवून गेला होता. मला एकदम भरून आलं. पण पोरीचं नुकसान होऊ देऊन कसं चालेल? मी म्हटलं, "अहो, तुमच्या सहानंच तिला लागलीय दृष्ट. आता आणखी कुणाची लागायची राहिलीय?" हे म्हशीपुढचा पेंढा उगाच सारखा करत राहिले.

गाडीचं सर्व्हिसिंग झालं. ह्या वेळी डाव्या अंगाला काही वाजलं नाही. मुलगीच जरा काळजीत पडली, "काका, तब्येत बरी हाय ना?" म्हणाली.

आमच्या घरात फोनला रेंज आली तर आली, नाहीतर नाही. नक्की रेंज धरायला खालच्या वळणावर यावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून हे जेवून गाडी घेऊन त्या वळणावर जाऊन बसायला लागले. फोन चुकायला नको. मी भांडीकुंडी आवरून मागून जायची आणि पुढच्या सीटवर बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, गाडी बंद पडली काय?" हे म्हणायचे, "बंद पडायला काय झालंय तिला!" आणि लगेच जीभ चावायचे.

फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत होते. ह्यांनी स्पीकर लावला. तोच गोड आवाज. गाडी वेळेत मिळाली का? किती गुण? ह्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि दाढ उपटून द्यावी तसं म्हणाले, "दहा." स्वच्छता? "दहा." वागणूक? "दहा." मग तिने विचारलं, ज्यांनी आपली गाडी सांभाळली त्यांच्या कामाला किती?

हे काचेतून बघत राहिले. समोर रस्त्यावर नुसतं ऊन पडलेलं. "हॅलो? सर?" मी शेंगांचं सूप मांडीवर घट्ट धरलं.

"दहा."

"काही तक्रार किंवा सूचना?"

मी डोळे मिटले. म्हटलं, आता क्लच येणार.

"तक्रार नाय," हे म्हणाले. "बाय, तुम्ही नीट लिवून घ्या. ती पोरगी चांगली हाय. लय चांगली हाय. आमच्यात असं बोलत नाय कुणी, पण मी बोलतोय. तिला काढू नका."

पलीकडची बाई म्हणाली, "धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो," आणि फोन बंद झाला. हे तसेच बसून राहिले. "बोललो गो," म्हणाले, "आता काय होतंय ते होवो."

दिवेलागणीला मी मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. आधी गाडीवरून ओवाळल्या, मग ह्यांच्यावरून. मग अंगणाच्या कडेला जाऊन कापड्याकडे तोंड केलं आणि त्या पोरीचं रूप डोळ्यापुढे आणून तिच्यावरूनही ओवाळल्या. सगळं नेऊन चुलीत टाकलं. आमच्याकडे सांगतात, दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका उठत नाही. हे चुलीत तोंड घालायचेच बाकी होते. क्षणभर काहीच वास येईना, तसे ह्यांनी माझा हात धरला. आणि मग जो काय खकाणा उठला! ठसकून ठसकून आम्ही दोघं अंगणात आलो, सून नातवाला घेऊन पळाली, कुत्रं शिंकायला लागलं. हे डोळ्यांतून पाणी गाळत, खोकत, लहान पोरासारखे हसत होते. मीही हसत होते. पुष्कळ वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

गणपती गेले. निरोप काही येईना. हे रोज वळणावर जाऊन यायचे, आणि आल्यावर मी विचारायच्या आधीच "नाय" म्हणायचे. आणि एके सकाळी ती पोरगी आपणच स्कुटी दामटत वाडीत आली. हातात पेढे. दारातूनच ओरडली, "काकी, पक्की केली मला! लेटर मिळालं!" मी तिला पोटाशी धरलं. हातातलं काम टाकून हे गोठ्यातून बाहेर आले, हाताला शेण तसंच. एकदा सवय मोडली की माणूस सुटतोच. पोरीपुढे उभे राहून मोठ्या आवाजात म्हणाले, "शाब्बास गो पोरी! लय हुशार हायस तू. असं काम ह्या तालुक्यात कुणाला..."

"काका! गप! गप बसा!" पोरगी केवढ्याने किंचाळली. तिने आधी थू थू केलं, मग दोन्ही हातांची बोटं स्वतःच्याच कानशिलावर कडाकडा मोडली. "तोंडावर नका बोलू असं! फोनवर बोललात ते मला साहेबांनी ऐकवलं, मी आत जाऊन रडले. तेवढं बास झालं. आता परत नको. मला घाटातनं खाली जायचंय अजून."

हे ओशाळले. शेणाचा हात धोतराला पुसला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग आपल्या नेहमीच्या आवाजात, जमिनीकडे बघत म्हणाले, "तशी बरी हायस."

पोरीने ओढणीने डोळे पुसले आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला.

"हां," ती म्हणाली, "आता कसं पक्की झाल्यासारखं वाटतंय."